एका शाळकरी मुलाचा शोध

प्राग शहराच्या जुन्या ज्यू वस्तीत पिंकास या नावाचे एक प्राचीन प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या आतील भिंती खालपासून वरपर्यंत नावांनी भरलेल्या आहेत. बोहेमिया आणि मोराव्हिया या दोन प्रांतांतून नाझी राजवटीने नेलेल्या आणि परत न आलेल्या सुमारे ८०,००० ज्यू स्त्रीपुरुषांची व बालकांची ही नावे होत. नावांसोबत तारखा आहेत. पहिली तारीख जन्माची. दुसरी वाचताना ती मृत्यूची असावी असे साहजिकच वाटते. परंतु बहुतेकांच्या बाबतीत ती तशी नाही. ती व्यक्ती हयात असल्याची शेवटची नोंद ज्या दिवशी झाली, तो हा दिवस होय. बहुधा त्या दिवशी तिला पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाडीत चढविण्यात आले होते.

ज्या राज्ययंत्रणेने माणसागणिक कागद रंगविले, तिच्या दप्तरात माणूस केव्हा आणि कसा मेला हेच का सापडू नये? आणि ते सापडत नसताना, अमुक मुलगा अमुक ठिकाणी मारला गेला असे शोध घेणारे कशाच्या आधारावर म्हणतात? या प्रश्नांचे उत्तर आकड्यांतून मिळण्यापेक्षा एका मुलाच्या मागोमाग जाण्याने अधिक चांगले मिळते. तो मुलगा म्हणजे प्राग येथील पेत्र गिन्झ.

पेत्रचा जन्म १ फेब्रुवारी १९२८ रोजी झाला. वडील ज्यू, आई ख्रिस्ती कुटुंबातील. दोघांची ओळख झाली ती एस्पेरांतो या आंतरराष्ट्रीय भाषेच्या आवडीतून. आणि ही भाषा पेत्र व त्याची दोन वर्षांनी धाकटी बहीण एव्हा या दोघांनाही घरीच शिकावयास मिळाली. मुलगा विलक्षण जिज्ञासू होता. ज्यूल व्हर्न हा त्याचा आवडता लेखक. त्याच्या धर्तीवर पेत्रने लहानपणीच साहसकथा लिहिल्या, त्यांत स्वतःच चित्रे काढली. अशा मुलाला चांगल्या शिक्षकाच्या हाती सोपवावे आणि पुढे काय होते ते पाहत राहावे, एवढेच कोणत्याही समाजाचे काम असते.

परंतु १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. त्यानंतर ज्यूंवर एकामागून एक निर्बंध आले. १९४० मध्ये चेक शाळांची दारे ज्यू मुलांना बंद झाली, आणि पेत्र ज्यूंच्या स्वतंत्र शाळेत जाऊ लागला. ट्रामगाडीत ज्यूंनी शेवटच्या डब्यातच चढावे, असा दंडक झाला. १९ सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूने कपड्यावर पिवळा तारा शिवून घराबाहेर पडावे, असा हुकूम अमलात आला.

नेमक्या त्याच दिवसापासून पेत्रची रोजनिशी सुरू होते. त्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्याने असे तारे लावलेली माणसे मोजली; ती एकोणसत्तर भरली. तो रडत नाही, चिडत नाही. मोजतो आणि मांडतो. त्यापुढील जवळजवळ वर्षभर हवा कशी होती, शाळेत काय झाले, कोणती नवी बंदी आली आणि कोणाला बोलावणे आले, हे तो थोडक्या शब्दांत लिहीत गेला. बोलावणे म्हणजे गाडीत घालून पाठविण्याचा हुकूम. मित्रांची, नातलगांची, शिक्षकांची नावे एकेक करून येतात आणि पुन्हा येत नाहीत. हजेरीपट हातात घेऊन वर्गासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला या नोंदींचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

येथे शोधाचा पहिला भाग स्पष्ट होतो. ज्यूंना पाठविण्याची व्यवस्था प्रागमधील एका जर्मन कार्यालयाकडे होती, आणि ‘ज्यूंच्या स्थलांतराचे मध्यवर्ती कार्यालय’ असे त्याचे निरुपद्रवी नाव होते. कागदपत्रे तयार करण्याचे कष्ट मात्र ज्यूंच्याच पंचायतीवर लादलेले होते. शहरातील प्रत्येक ज्यूची नोंद झालेली असे. गाडी ठरली की तीत जाणाऱ्यांची यादी तयार होई. प्रत्येक गाडीला अक्षरांची खूण दिलेली असे आणि यादीतील प्रत्येक माणसाला क्रमांक. तो क्रमांक त्याच्या सामानावर रंगविला जाई. जाण्यापूर्वी घराच्या किल्ल्या, शिधापत्रिका आणि मालमत्तेची यादी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावी लागे. लोकांना नेणारे हे कारकुनी कामात चोख होते, आणि म्हणूनच आज गाडीचे अक्षर व यादीतील क्रमांक हीच हरवलेल्या माणसाचा माग काढण्याची पहिली खूण ठरते.

मिश्र विवाहातील मुलांसाठी नियम निराळा होता. ज्यू म्हणून वाढलेल्या अशा मुलांना ती चौदा वर्षांची होईपर्यंत घरी राहता येई; पुढे त्यांनाही बोलावणे येई. फेब्रुवारी १९४२ मध्ये पेत्रला चौदा वर्षे पूर्ण झाली. ऑक्टोबर १९४२ मध्ये तो यादीत आला. आईबाप प्रागलाच राहिले आणि मुलगा एकटा टेरेझीनला गेला.

टेरेझीन हे अठराव्या शतकात बांधलेले तटबंदीचे लष्करी गाव. प्रागपासून ते दूर नाही. पूर्वी तेथे सैनिक धरून सुमारे सात हजार माणसे राहत. सप्टेंबर १९४२ मध्ये ५८,००० हून अधिक माणसे तेथे कोंडली होती. गाडी तेव्हा बोहुशोवित्से या जवळच्या स्थानकापर्यंतच जाई आणि तेथून आपले सामान वाहत चालावे लागे. सारे मिळून सुमारे १,४०,००० ज्यू या गावात आणले गेले. त्यांपैकी सुमारे ३३,००० तेथेच उपासमारीने व रोगराईने मरण पावले, आणि सुमारे ८८,००० माणसांना तेथून पुढे पूर्वेकडील छावण्यांत व मृत्युस्थानी पाठविण्यात आले.

टेरेझीनमधील पेत्रविषयी दोन प्रकारचे कागद आहेत. पहिला प्रकार दप्तरी: नाव, जन्मतारीख, येण्याची गाडी, जाण्याची गाडी. दुसरा प्रकार त्याने व त्याच्या सोबत्यांनी स्वतः निर्माण केला. गावातील जुन्या शाळेच्या इमारतीत मुलांची वसतिगृहे होती. त्यांपैकी पहिल्या क्रमांकाच्या खोलीत वाल्टर आयसिंगर नावाचे तरुण शिक्षक मुलांसोबत राहत. शाळा चालविण्यास बंदी होती. तरीही शिकविणे चालूच होते. त्यांच्या प्रोत्साहनाने या मुलांनी आपल्या खोलीचे एक ‘गणराज्य’ स्थापिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये एक साप्ताहिक सुरू केले. त्याचे नाव ‘वेदेम’, म्हणजे ‘आम्ही आघाडीवर आहोत’. संपादक चौदा वर्षांचा पेत्र गिन्झ.

या साप्ताहिकाची एकच प्रत निघे. प्रारंभी ती टंकलेखन यंत्रावर तयार होई. पुढे साधने संपली आणि मुले ती हाताने लिहू लागली. शुक्रवारी सायंकाळी सर्व मुले जमत आणि आपापला मजकूर वाचून दाखवीत. कविता, विनोद, पुस्तकांचे परीक्षण, गावातील बेकरीची व शवागाराची माहिती, असे सर्व काही त्यात असे. पेत्र मजकुरासाठी सोबत्यांच्या मागे लागे. घरून आलेल्या खाऊतील वाटा देऊन लेख मिळवी. आणि तरीही पाने रिकामी राहिली तर ‘अकादमी’ या टोपणनावाने स्वतःच ती भरून काढी. महिनाभरात आपण काय वाचले, काय शिकलो, कोणती चित्रे काढली याचा हिशेबही तो लिहून ठेवी. पुढे काय होणार हे ठाऊक नसलेल्या आणि तरीही अभ्यासाचा नेम न सोडणाऱ्या विद्यार्थ्याचे हे कागद आहेत.

मे १९४४ मध्ये चौदा वर्षे पूर्ण झालेली एव्हाही टेरेझीनला आली. बहीणभाऊ पुन्हा भेटले. त्याच वर्षी २३ जून रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी गाव पाहावयास आले. त्यांच्यासाठी घरांना रंग दिला होता, बागा लावल्या होत्या, आणि गर्दी कमी दिसावी म्हणून हजारो माणसांना आधीच ऑश्विट्झला पाठविले होते. पाहुणे समाधानाने परतले. तीन महिन्यांनी गाड्या पुन्हा सुरू झाल्या. २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर १९४४ या एका महिन्यात अकरा गाड्यांनी १८,४०२ माणसे टेरेझीनहून ऑश्विट्झला नेण्यात आली.

यांपैकी पहिल्या गाडीची खूण ‘ईके’. तीत केवळ पुरुष आणि मोठी मुले होती. तिच्या यादीत पेत्र गिन्झ हे नाव आहे. त्याचे वय तेव्हा सोळा वर्षे आणि काही महिने. एव्हाही रोजनिशी लिहीत असे. गाडी उभी असताना ती गर्दीतून वाट काढीत डब्यापर्यंत गेली, तिने खिडकीतून भावाला पावाचे दोन तुकडे दिले, आणि पहारेकऱ्याने हुसकून लावीपर्यंत त्याचा हात धरला, हे आपल्याला तिच्या लिखाणातून कळते. सरकारी यादीत त्या दिवसाचे केवळ एक अक्षरचिन्ह आणि एक क्रमांक आहे.

यापुढे कागद थांबतो, आणि शोध घेणाऱ्याचे अवघड काम येथून सुरू होते.

ऑश्विट्झला गाडी पोहोचली की फलाटावरच माणसांची निवड होई. श्रम करण्यास योग्य वाटतील त्यांना एका बाजूस, बाकीच्यांना दुसऱ्या बाजूस काढीत. दुसऱ्या बाजूची माणसे थेट विषारी वायूच्या कोठड्यांकडे नेली जात. छावणीचा क्रमांक मिळे तो जिवंत ठेवलेल्यांनाच. ज्यांना तासा-दोन तासांत मारावयाचे त्यांची नावे लिहून घेण्याची गरज मारणाऱ्यांना वाटत नव्हती. ऑश्विट्झला आणलेल्या सुमारे १३ लाख माणसांपैकी सुमारे ११ लाख तेथे प्राणास मुकली. छावणीच्या वहीत क्रमांक चढला तो अवघ्या चार लाखांचा. त्यातही जानेवारी १९४५ मध्ये रशियन सैन्य जवळ येऊ लागताच नाझींनी छावणीच्या कागदांचा फार मोठा भाग जाळून टाकला आणि वायुकोठड्या सुरुंगाने उडविल्या.

मग ऑश्विट्झच्या वह्यांत नाव नाही, एवढ्यावरून मृत्यू सिद्ध होतो काय? होत नाही, आणि सावध संशोधक येथे घाई करीत नाहीत. १९४४ च्या शरद ऋतूत टेरेझीनहून आलेल्या अनेक पुरुषांना ऑश्विट्झचा क्रमांक न देताच काही दिवस ठेवून घेतले आणि पुढे जर्मनीतील श्रमछावण्यांत पाठविले. दाखाऊच्या हाताखालील काउफेरिंगच्या छावण्यांत असे कैदी मोठ्या संख्येने गेले, आणि त्यांच्यातील काही युद्धानंतर जिवंत सापडले. सोळा वर्षांचा मुलगा श्रमास योग्य ठरणे अशक्य नव्हते. म्हणून दाखाऊ, बुखेनवाल्ड आणि इतर छावण्यांच्या आगमनवह्या, दवाखान्यांच्या नोंदी आणि युद्धानंतर सुटलेल्यांच्या याद्या, हे सारे पाहावे लागते. कोठेतरी नाव असेल तर माग पुढे जातो. कोठेच नसेल, सोबतच्या गाडीतील परतलेल्यांपैकी कोणालाही तो पुढे भेटलेला नसेल, आणि घरी एकही पत्र आले नसेल, तेव्हाच शेवटच्या यादीनंतरच्या शांततेला पुराव्याचे मोल येते.

हे काम सुकर व्हावे म्हणून युद्धानंतर मोठी दप्तरखाने उभी राहिली. जर्मनीतील बाड आरोल्सेन या लहानशा गावी १९४८ मध्ये हरवलेल्यांचा शोध घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. छावण्यांच्या वह्या, कामगारांची कार्डे, गाड्यांच्या याद्या, असे सुमारे तीन कोटी कागद तेथे जमले असून त्यांत सुमारे १ कोटी ७५ लाख व्यक्तींची माहिती आहे. दीर्घकाळपर्यंत ही संस्था नातेवाइकांच्या पत्रांना उत्तरे देई, परंतु इतिहास-संशोधकांना दार बंद होते. ते २००७ मध्ये उघडले. ‘आरोल्सेन दप्तरखाना’ हे तिचे आजचे नाव २०१९ पासूनचे आहे, आणि तेव्हापासून तेथील पुष्कळसे कागद घरबसल्या संगणकावर पाहता येतात.

या दप्तरखान्यात नाव शोधण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. एकाच माणसाचे नाव चेक कारकून एका तऱ्हेने लिही, जर्मन कारकून दुसऱ्या तऱ्हेने, पोलिश तिसऱ्या तऱ्हेने. पेत्रचा जर्मन कागदावर पीटर होई. आपल्याकडे एकाच घरात एक भाऊ कुलकर्णी आणि दुसरा कुळकर्णी अशी सही करतो, तसाच हा घोटाळा. पण येथे चुकीच्या एका अक्षरामुळे माणूस कायमचा हरवू शकतो. म्हणून तेथील कार्डे नुसत्या वर्णक्रमाने न लावता उच्चाराच्या साम्याने लावलेली आहेत. नाव जुळले तरी तेवढ्याने काम भागत नाही. जन्मतारीख, जन्मगाव आणि शेवटचा पत्ता हेही जुळावे लागतात, कारण एकाच नावाचे अनेक असतात.

जेथे मारणाऱ्यांचे कागद संपतात तेथे जिवंत राहिलेल्यांची साक्ष कामी येते. जेरुसलेम येथील याद वाशेम ही संस्था १९५३ च्या कायद्याने स्थापन झाली. नातेवाइकाने, शेजाऱ्याने किंवा मित्राने मृत व्यक्तीविषयी आपल्याला ठाऊक असेल ते एका छापील पत्रावर लिहून सही करून द्यावयाचे, अशी तिची रीत आहे. नाव, आईबाप, गाव, व्यवसाय, शेवटी कोठे पाहिले, एवढे रकाने, जमल्यास छायाचित्र. अशी २७ लाखांहून अधिक साक्षीपत्रे आजवर जमली आहेत. मारल्या गेलेल्या सुमारे साठ लाख ज्यूंपैकी ४८ लाखांहून अधिक जणांची नावे या ना त्या मार्गाने तेथे नोंदविली गेली आहेत. उरलेल्यांत लहान मुले पुष्कळ असणार. कारण जेथे कुटुंबच्या कुटुंब आणि गावच्या गाव नाहीसे झाले, तेथे पत्र भरून देणारा कोण उरणार?

पेत्रच्या बाबतीत घरचे उरले. वडिलांना फेब्रुवारी १९४५ मध्ये टेरेझीनला नेले होते. युद्ध संपताच ते आणि एव्हा दोघेही परतले. आई प्रागला होतीच. चौघांपैकी तिघे एकत्र आले आणि चौथ्याची वाट पाहत राहिले. सप्टेंबर १९४४ च्या गाडीनंतर त्याची कोणतीही खूण मिळाली नाही. तो ऑश्विट्झच्या वायुकोठडीत मारला गेला, असे सर्व पुराव्यावरून मानले जाते. त्या मृत्यूला तारीख मात्र नाही.

‘वेदेम’ची पाने टेरेझीनमध्ये अखेरपर्यंत राहिलेल्या एका मुलाने जमिनीत पुरून ठेवली होती. युद्धानंतर ती सुमारे आठशे पाने हाती आली. वाल्टर आयसिंगर आणि त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना युद्धाचा शेवट दिसला नाही. एव्हा पुढे इस्रायलमध्ये गेली, चित्रकार झाली, आणि तिच्या भावाची चित्रे याद वाशेमच्या हवाली झाली. त्यांत टेरेझीनमध्ये काढलेले एक चित्र होते. चंद्रावरच्या उंच सुळक्यांच्या मागे आकाशात पृथ्वी दिसते आहे, असे ते दृश्य. गावाच्या तटाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नसलेल्या मुलाने ते काढले होते.

२००३ साली इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन यांनी या चित्राची प्रतिकृती आपल्यासोबत नेली. रामोन यांची आई आणि आजी दोघीही ऑश्विट्झमधून वाचलेल्या. ‘कोलंबिया’ या ज्या यानातून ते गेले, त्याच यानात आपल्या कर्नालच्या कल्पना चावला होत्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर ते यान आकाशातच भंगले आणि सातही अंतराळवीर मृत्यू पावले. त्या दिवशी पेत्र असता तर पंचाहत्तर वर्षांचा झाला असता.

या दुर्घटनेच्या बातम्यांसोबत ते चित्र जगभर दाखविले गेले. प्रागमधील एका गृहस्थाने ते पाहिले आणि आपण विकत घेतलेल्या जुन्या घरात सापडलेल्या वह्यांची त्याला आठवण झाली. त्याने त्या काढून पाहिल्या. अक्षर आणि चित्रे त्याच मुलाची होती. बहिणीने ती ओळखली. अशा रीतीने १९४१-४२ ची ती रोजनिशी साठ वर्षांनंतर उजेडात आली आणि २००४ मध्ये एव्हाने ती चेक भाषेत प्रसिद्ध केली. शाळेच्या वाटेवर मोजलेले एकोणसत्तर तारे त्या वहीतूनच आपल्याला कळले. कोणत्याही सरकारी दप्तरात ते नव्हते.

एका विद्यार्थ्याच्या या शोधात जे हाती आले त्याचा हिशेब असा मांडता येईल. नाझींच्या कागदांवरून तो कोणत्या गाडीने गेला हे कळले, आणि तो कोठे संपला हे त्या कागदांच्या अभावावरून ठरवावे लागले. तो कोण होता, हे मात्र त्या कागदांतून कधीच कळले नसते. त्यासाठी बहिणीची रोजनिशी लागली, मित्राने पुरलेली पाने लागली, आणि जुने कागद रद्दीत न टाकणारा एक अनोळखी माणूस लागला. यांतील एकजण जरी निष्काळजी राहिला असता तरी पेत्र गिन्झविषयी आज आपल्याला बरेच कमी कळले असते. इतर लक्षावधी मुलांविषयी तेवढेही कळलेले नाही.

पिंकास मंदिराच्या भिंतींवरील नावे प्रथम १९५४ पासून काही वर्षे खपून लिहिली गेली. १९६८ मध्ये मंदिर बंद झाले आणि पुढील काळात ती नावे भिंतींवरून नाहीशी झाली. १९९२ ते १९९६ या वर्षांत ती सारी पुन्हा हाताने लिहिण्यात आली. एक नाव, एक जन्मतारीख, एक शेवटची तारीख. मग पुढचे नाव. काम कंटाळवाणे खरे, परंतु ते दुसऱ्यांदा करण्यास माणसे पुढे आली.